पिशवीसोबत आईचा फोटो हवाच का?

(वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारी मुलगी एकोणतीस वर्षांची. आईवडील तीसेक वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावरून बांधकामाच्या कामाला म्हणून पुण्याकडे आले आणि पिंपरी-चिंचवडलाच राहिले. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आईने साइटवर बिगारीकाम केलं, नंतर एका सोसायटीत झाडलोट. मोठा भाऊ बँकेत आहे, हिशेबाला पक्का. मुलीने नोकरी सोडून बंजारा भरतकामाच्या पिशव्या आणि बटवे ऑनलाइन विकायला सुरुवात केली. काम आई आणि वस्तीतल्या पाच बायका करतात. गिऱ्हाइकं "करणाऱ्या बाईचा पारंपरिक वेशातला फोटो टाका" म्हणायला लागली, म्हणून तिने आईला फेटिया-कांचळी (बंजारा बायकांचा भरतकामाचा घागरा-चोळी) घालायला लावून फोटो टाकला. विक्री वाढली. पण भावाच्या ऑफिसात कुणीतरी तो फोटो दाखवला आणि घरात भांडण झालं. "आपण यातून बाहेर पडलो, तू परत ओढतेस," असं तो म्हणतो. त्यातच कामावरच्या एका काकूने विचारलं, "चौदाशेला विकतेस, आमच्या हातात अडीचशे?" मुलगी विचारते: मी आमची संस्कृती विकायला काढली आहे का? फोटो काढून टाकू? आणि मला गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, समजते पण धड बोलता येत नाही, फेटिया मी कधी अंगाला लावला नाही, तर बंजारा म्हणून विकायचा हक्क मला आहे का?

तू म्हणालीस म्हणून 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते तू जाता जाता लिहून गेलीस: "आई फेटिया-कांचळी घालायला तयार झाली, पण घुगऱ्या काही घालेना, म्हणून फोटो जरा अर्धवट आला. एका गिऱ्हाइकाने तसं कळवलंही." मला वाटतं, बोलायचं ते याच वाक्याबद्दल आहे. घुगरी-टोपली हे केसांत घालायचे दागिने नवरा हयात असलेल्या बाईने घालायचे, हा रिवाज तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वडील जाऊन चार वर्षं झाली. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आईने होकार दिला तो तुझ्यासाठी, आणि घुगऱ्यांना नकार दिला तो स्वतःसाठी. नवरा गेला की बाईने दागिने उतरवायचे ही रीत मला कुठल्याच जातीतली पटत नाही. पण ती पाळायची की मोडायची हे तुझ्या आईने ठरवायचं, पिशवी घेणाऱ्या बाईंनी नव्हे. फोटो अर्धवट नव्हताच. तुझी आई आज जशी आहे तशीच त्यात आली होती. बंजारा बाई कशी दिसते याचं चित्र त्या बाईंच्या डोक्यात आधीच तयार होतं, त्याच्याशी तो जुळला नाही, एवढंच.

"आई काहीच बोलली नाही" असंही लिहिलं आहेस, आणि त्याचा अर्थ तू परवानगी असा घेतलास. ज्या बाईने आयुष्यभर मुकादमापुढे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे गप्प राहून नोकरी टिकवली, तिच्या गप्प राहण्याला होकार समजू नकोस. तिला बसवून नीट सांग: हा फोटो कोण कोण बघू शकतं, तो कुणीही उतरवून घेऊन दुसरीकडे लावू शकतं, एकदा पसरला की परत घेता येत नाही. फोनवर तिला तो तसाच दाखव, खालच्या प्रतिक्रिया वाचून दाखव, चांगल्याही आणि आगाऊही. मग विचार. ती "राहू दे" म्हणाली तर राहू दे. "काढ" म्हणाली तर त्याच दिवशी काढ. भावाला काय वाटतं हा वेगळा विषय आहे, त्याकडे येतेच.

आता संस्कृती विकण्याचं. हा प्रश्न विचारताना तू एक गोष्ट गृहीत धरतेस: तांड्यावर सगळं अस्सल होतं, बाजाराचा वारा लागला नव्हता, आणि पुण्यात येऊन तू ते बाजारात मांडलंस. पण बंजाऱ्यांना बाजार कधी परका होता? बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस नेणारी लदेणी हाच तर तुमचा धंदा. मुघलांच्या फौजा या धान्यावर चालल्या, आणि १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांच्याच बैलांनी रसद पुरवली. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला. तांडे ठिकठिकाणी स्थिरावले, कुणी शेतीत गेलं, कुणी मजुरीत. तुझे आईवडील पुण्याला आले तो या लांबच्या प्रवासातलाच एक टप्पा. तेव्हा तुझ्या विकण्याने पूर्वजांचा काही अपमान होत नाही.

तरीही तुला जे खुपतंय ते अगदीच निराधार नाही. लदेणीत मीठ विकलं जायचं, कांचळी नाही. भरतकाम घरासाठी असायचं. लेकीच्या लग्नात द्यायची पिशवी, हंड्याखाली घ्यायची कवड्या लावलेली चुंबळ, बाईचा स्वतःचा वेश. केव्हा बसायचं, कुठला रंग घ्यायचा, केव्हा पुरे म्हणायचं हे करणारी ठरवायची. विकायला करताना हे सगळं तू ठरवतेस, आणि तुझ्या मागून गिऱ्हाईक. बदल झाला आहे तो इथे. पण विकण्यासाठी केलं म्हणून काम खोटं ठरत नाही. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी (म्हणजे तिकडच्या बंजारा) बायका कितीतरी वर्षं विक्रीसाठीच भरतकाम करतात, आणि त्यांच्या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. (यावरून एक सूचना: तुझ्या मालावर 'संडूर' हा शब्द चुकूनही लिहू नकोस. ते नाव त्यांचं आहे. 'यवतमाळकडच्या बंजारा बायकांचं काम' हे खरं आहे आणि पुरेसंही आहे.)

आणि तांडा तरी कुठे थांबला आहे? तिथल्या नव्या सुना साडी नेसतात, मुली ड्रेस घालतात, फेटिया दिसतो तो म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर, नाहीतर तीजेला आणि लग्नाकार्यात. हस्तिदंती चुडे जाऊन प्लास्टिकचे आले त्यालाही जमाना झाला. तुझ्या आईने फेटिया सोडला तो पुण्याला भुलून नव्हे. आरशांनी आणि नाण्यांनी जड झालेला घागरा घालून पाचव्या मजल्यावर विटा चढवता येत नाहीत. शिवाय त्या वेशात मजूर अड्ड्यावर उभं राहिलं की सगळ्यांच्या नजरा वळायच्या, हे तिनेच तुला सांगितलं असेल. म्हणजे तिने कामासाठी वेश उतरवला होता, आणि तू तिला कामासाठीच तो पुन्हा चढवायला लावलास. दोन्ही वेळा कारण पोटाचं. पहिल्या वेळी निर्णय तिने घेतला, दुसऱ्या वेळी तू. मला खटकतं ते इतकंच.

भाषेचा मुद्दा मी फार ताणणार नाही. २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांहून अधिक लोकांनी लमाणी किंवा लंबाडी, म्हणजे तुमची गोरबोलीच, मातृभाषा म्हणून सांगितली आणि सरकारी तक्त्यात ती सगळी माणसं हिंदीच्या खात्यात गेली. या भाषेला शाळेत जागा नाही, तुझं शिक्षण मराठीत झालं, आई तुझ्याशी मुद्दामच मराठी बोलली असणार. तुला बोलता येत नाही यात तुझा गुन्हा काय? समजतं ना, मग बायका कामाला बसल्या की मोडकं-तोडकं बोलायला लाग. हसतील. हसू देत.

आता दादा. त्याच्यावर तू रागावली आहेस, आणि पत्रात त्याला 'स्वतःची लाज वाटणारा' असा शिक्का मारून मोकळी झालीस. मला तो इतका सरळ वाटत नाही. तुमचं आडनाव शहरात कुणाला काही सांगत नाही असं तू लिहितेस. राठोड म्हटलं की लगेच कळतं, पण चव्हाण, पवार, जाधव ही आडनावं बंजाऱ्यांत आहेत तशी इतर जातींतही आहेत, आणि ऐकणारा आपल्या सोयीने समजून घेतो. दादाने कुणाला खोटं सांगितलं नसेल, फक्त समज दुरुस्त केली नसेल. घर भाड्याने घेताना, नवीन शाखेत रुजू होताना ही मुभा काय मोलाची असते हे ज्याला ती नाही त्यालाच कळतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे देशाच्या अनेक भागांत बंजाऱ्यांनाही त्यात ढकललं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, महाराष्ट्राने या समाजांना 'विमुक्त' म्हटलं, पण लोकांच्या डोक्यातली नोंद काही त्या तारखेला पुसली गेली नाही. बंजारा समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि तरीही तुझ्या भावाला शाळेत 'लमाण' म्हणून चिडवलं जात होतं. हे तूच लिहिलं आहेस. तेव्हा त्याची भीती काल्पनिक नाही.

पण भीती खरी आहे म्हणून तिचा अंमल सगळ्या घरावर चालेल असं नाही. स्वतःचं नाव, स्वतःचा चेहरा, ऑफिसात काय सांगायचं आणि काय नाही, हे त्याच्या हातात. आईच्या चेहऱ्याचा निर्णय आईचा. तुझ्या धंद्याचं नाव काय असावं हे तू ठरवायचं. त्याच्याशी एकट्याने बोल, आईला मध्ये न घेता, आणि वाद घालायला नव्हे तर शब्द द्यायला जा: धंद्याच्या खात्यावर आडनाव नसेल, तांड्याचं नाव नसेल, आईने स्वतः ठरवल्याशिवाय घरातल्यांचे फोटो नसतील, तुझ्या खासगी खात्यावरून धंद्याचा प्रचार होणार नाही. एवढं केलंस की त्याची खरी अडचण बरीचशी मिटते. त्यानंतरही तो "बंजारा हा शब्दच नको" म्हणाला, तर शांतपणे नाही म्हण. त्या शब्दावर त्याचा जेवढा हक्क आहे तेवढाच तुझाही आहे.

हा शब्द तू सोडलास तर काय होईल तेही बघ. तो काही बाजारातून नाहीसा होणार नाही. कुठलीही आरसेकामाची पिशवी, मग ती मशीनवर भरलेली असो की आणखी कुठल्या समाजाच्या नक्षीची, 'बंजारा बॅग' म्हणून विकणारे ऑनलाइन ढिगाने आहेत. बंजारा म्हणजे भटकं, मोकळं, फॅशनेबल असा एक अर्थ त्यांनी बनवून टाकला आहे आणि त्यात बंजारा माणूस कुठेच नाही. तू बाजूला झालीस तर जागा त्यांना आयती मिळेल.

म्हणून मला पटणारा मार्ग मधला आहे. नाव ठेव, चेहरे काढ. फोटो कामाचा टाक: आरशाभोवती टाका कसा फिरतो, पिशवीची मागची बाजू कशी दिसते, अर्धवट झालेलं कापड मांडीवर कसं धरतात, सुईत दोरा ओवणारा हात. हातावर गोंदण असेल आणि त्या बाईची हरकत नसेल तर तेही येऊ दे. चिठ्ठीवर करणारीचं पहिलं नाव लिही, तिला हवं असेल तर. विक्री काही काळ खाली येईल, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. वेशातल्या बाईचा फोटो माल खपवतो हे खरं आहे. पण चार महिने तग धरता येईल इतकं गाठीशी असेल, तर हा बदल आत्ताच कर. धंदा मोठा झाल्यावर गिऱ्हाइकाची सवय मोडणं जास्त जड जातं.

मला खरी काळजी काकूने विचारलेल्या प्रश्नाची आहे. तू त्याला पत्राच्या शेवटी चार ओळी दिल्यास, आणि 'संस्कृती'ला दोन पानं. मी उलटं करीन.

तूच दिलेले आकडे घेऊ. मोठी पिशवी चौदाशेला जाते. कापड, दोरा, आरसे, अस्तर, चेन मिळून २२०. पॅकिंग आणि कुरिअर ११०. विक्रीच्या साइटचं कमिशन आणि जाहिरात धरून १८०. करणारीला २५०. तुझ्याकडे राहतात ६४०. भरायला साधारण चौदा तास लागतात असं तू म्हणतेस. म्हणजे तिला तासाला अठरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. तिने हेच तास शेजारच्या सोसायटीत भांडी घासली असती तर जास्त मिळाले असते, हे तिलाही कळतं. ती तुझ्याकडे येते कारण घरात बसून करता येतं, आणि कदाचित कारण तू तिच्या माणसांतली आहेस. आपल्या माणसांत असण्याची किंमत तीच मोजते आहे.

तासाला पन्नास धरले तर चौदा तासांचे ७०० होतात आणि तुझ्याकडे १९० उरतात. त्यात तुझं भागणार नाही हे मला दिसतं. मग तीन गोष्टी करून बघता येतील, आणि त्या एकदम करायला हव्यात असं नाही. मोठ्या पिशवीची किंमत वाढव आणि ती कमी संख्येने, मागणीनुसारच कर. रोजची विक्री छोट्या वस्तूंवर ने: साध्या खादीच्या पिशवीवर हातभर भरतकामाऐवजी एकच चौकोनी तुकडा, चाव्यांना लावायचा गोंडा, पैशांचा बटवा. दोन तासांत होणाऱ्या वस्तूला शंभर रुपये मजुरी देऊनही तुला बरं सुटतं. आणि मजुरी नगावर न ठरवता टाक्यावर ठरव.

हे शेवटचं जरा समजावून सांगते. एक साधी वही घाल. प्रत्येक टाक्याला बायका त्यांच्या बोलीत जे नाव घेतात ते त्यांनाच विचारून, त्याच नावाने लिही. समोर एक वीत भरायला किती वेळ लागतो तो लिही, घड्याळ लावून, निदान दोघींकडून करून घेऊन. कवड्या शिवणं वेगळं, आरसा बसवणं वेगळं, काठाचा टाका वेगळा. मग पिशवीत कुठला टाका किती आहे यावरून मजुरी निघते आणि ती पाचही जणींना वाचून दाखवता येते. जिला अवघड टाके येतात तिला जास्त मिळतात. आज सगळ्यांना सारखेच अडीचशे मिळतात म्हणून जी सगळ्यात चांगलं करते तीच सगळ्यात तोट्यात आहे, आणि प्रश्न विचारणारी काकू बहुधा तीच असेल. टाक्यांची नावं अशी रोजच्या हिशेबात राहिली की नव्या मुलीलाही ती आपोआप येतील. त्यासाठी वेगळा उपक्रम नको.

पैसे दर पंधरा दिवसांनी, बाईच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या फोनवर नाही. खातं नसेल तर आधी ते उघडायला बरोबर जा. आणि एक किरकोळ वाटणारी पण अगदी निकडीची गोष्ट: पत्र्याच्या खोलीत पिवळ्या बल्बखाली चाळिशी-पन्नाशीच्या बायका आरसे बसवतात. पहिल्या बऱ्या महिन्याच्या नफ्यातून सगळ्यांचे डोळे तपासून घे, चष्मे कर, दोन चांगले एलईडी दिवे लाव. भरतकाम थांबतं ते बहुतेक वेळा डोळ्यांमुळेच.

कागदपत्रांचं आता भरभर सांगते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नकोस. आई आणि बाकीच्या बायकांसाठी केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र काढ. सरकारी हस्तकला मेळ्यांत, दिल्ली हाटसारख्या ठिकाणी गाळ्यासाठी अर्ज करताना ते लागतं. ते कार्ड कारागिराच्या नावाचं असतं, म्हणजे उद्या तुझं आणि तिचं बिनसलं तरी ओळख तिच्याकडेच राहते, आणि ते तसंच हवं. वस्तीतल्या बायकांचा बचत गट करायचा असेल तर महापालिकेच्या समाज विकास विभागात जा. मुंबईचं महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन मात्र 'उमेद' या राज्याच्या अभियानातल्या ग्रामीण बचत गटांसाठी असतं. तुझ्या तांड्यावर मावशी-काकूंचा गट असेल तर तो तिथे जाऊ शकतो, तू त्यांच्याकडून माल घेऊ शकतेस, आणि नाव गटाचंच राहतं. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तिथेही चौकशी कर. परराज्यात माल पाठवत असशील तर जीएसटीबद्दल एकदा जाणत्या कर सल्लागाराशी बोल.

हे सदर वाचणाऱ्या आणखी काही जणी आहेत, त्यांची गोष्ट तुझ्याहून थोडी वेगळी आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. गोव्यात कळंगुट, बागा, हणजूणच्या किनाऱ्यांवर लमाणी बायका फिरून माळा, शाली, पिशव्या विकतात. त्यातल्या बऱ्याच कर्नाटकातून आलेल्या. मुंबईत कुलाब्याच्या फुटपाथवरही आरसेकामाचा माल दिसतो. किनाऱ्यावर वेश हे दुकानाच्या पाटीचं काम करतं. पर्यटक तिला बघून थांबतो, फोटो काढतो. आणि कारवाईची गाडी आली की त्याच वेशामुळे ती लांबूनच ओळखू येते. अशा बायकांनी वेश ठेवावा की सोडावा यावर मी मत देणार नाही. पण रस्त्यावर विकणाऱ्या प्रत्येकीने एवढं माहीत करून घ्यावं: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे पालिकेने विक्रेत्यांची पाहणी करून प्रमाणपत्र द्यायचं असतं, पाहणी पूर्ण होईपर्यंत जुन्या विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या असायला हव्यात. पाहणी कधी होणार हे पालिकेत लेखी विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. पीएम स्वनिधीचं कर्ज मिळायलाही ही कागदपत्रं उपयोगी पडतात.

जातीच्या दाखल्यावरून तर फार जणी फसतात. एकच समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीला चालत नाही. महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्या तारखेला घराणं जिथे राहत होतं तिथल्या उपविभागीय कार्यालयातून दाखला निघतो. तेव्हा पुण्यात जन्मलेल्या मुलांसाठीही आजोबांच्या गावच्या शाळेचा, जमिनीचा, कोतवाल नोंदीचा जुना कागद शोधावा लागतो. म्हातारी माणसं आहेत तोवर शोधा. दहावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करू नका. आणि गावचं रेशनकार्ड असेल तर धान्य उचलायला गावी जायची गरज नाही, आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून ते पुण्यातल्या दुकानातही मिळतं. बांधकामावर असलेल्यांनी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कामगार मंडळात नोंदणी करावी. तुझ्या आईची ती कधी झालीच नसेल, आणि आता वय साठीच्या पुढे गेलं असेल तर होणारही नाही. पण वस्तीतल्या तरुण जोडप्यांची करून दे.

परत तुझ्याकडे. दिवाळीच्या ऑर्डर घेण्याआधी तीन कामं उरक, याच क्रमाने. आईशी फोटोबद्दल बोल आणि ती म्हणेल तसं कर. पाचही जणींना एका दुपारी बोलवून वही उघड, चौदाशेचा हिशेब जसा मी वर मांडला तसा त्यांच्यासमोर मांड, तुझ्या ६४० सकट. काही लपवलंस तर त्या ओळखतील. दर त्यांच्याबरोबर ठरव, आणि ठरलेला दर जुन्या, अजून न विकलेल्या मालालाही लाव. मग दादाकडे जा. वर म्हटलेला शब्द त्याला दे, आणि जमलं तर महिन्यातून एक रविवार वहीचा हिशेब तपासून देशील का, असं विचार. त्यात त्याचं नाव कुठे येणार नाही, आणि तुला बँकेतला माणूस फुकटात मिळेल. नाही म्हणाला तर वही काकूकडे दे. जिने चौदाशे आणि अडीचशे यांतली तफावत पकडली, तिला बेरीज-वजाबाकी चांगली येते.